मेंढ्या काढून घेतलेला ब्लॅकजॅक: 'स्पॅनिश 21' कसा खेळतात आणि टेबलावरचे पैसे नेमके कुठे जातात?

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला दश्शीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एक्का, राजा हातात असतात ते दश्शी ओढून आणण्यासाठी. चारही मेंढ्या आपल्याकडे आल्या की समोरच्यावर कोट. आता समजा, डाव सुरू व्हायच्या आधीच कोणीतरी कॅटमधून चारही दश्श्या काढून खिशात घातल्या आणि वर म्हणाला, "दश्श्या नाहीत, पण त्या बदल्यात बाकी सगळ्यात तुम्हाला सूट देतो." तुम्ही खेळायला बसाल का?

अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये 1990 च्या दशकाच्या मध्यापासून नेमका असाच एक खेळ चालतो आणि लोक आवडीने खेळतात. त्याचं नाव 'स्पॅनिश 21'. ब्लॅकजॅकचाच चुलतभाऊ. फरक एवढाच की प्रत्येक कॅटमधून चारही दश्श्या काढलेल्या असतात आणि उरलेल्या 48 पत्त्यांवर खेळ होतो. स्पेनच्या पारंपरिक 48 पत्त्यांच्या कॅटमध्येही दहा ठिपक्यांचा पत्ता नसतो, त्यावरून हे नाव आलं. ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि सिंगापूरमध्ये याच खेळाचा एक प्रकार 'पॉन्टून' नावाने खेळला जातो. सिंगापूरच्या सहलीत मरीना बे बघायला गेलेल्या अनेकांनी हे नाव टेबलावर वाचलेलं असेल आणि काहीतरी वेगळा खेळ असेल म्हणून पुढे गेले असतील.

यात खरी गंमत पुढे आहे. ज्या खेळातून दश्शी उघडपणे काढून घेतली आहे, तो खेळ कधी कधी शेजारच्या टेबलावरच्या पूर्ण 52 पत्त्यांच्या ब्लॅकजॅकपेक्षा खेळाडूला स्वस्त पडतो. कारण त्या शेजारच्या टेबलावरूनही काहीतरी काढलेलं असतं, फक्त ते पत्त्यांमध्ये दिसत नाही.

आत्ताच हा विषय का?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात सरसकट बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादच या कायद्याने बाजूला ठेवला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं आणि पुढे रमीची अ‍ॅप्स त्याच निकालाचा आधार घेत उभी राहिली. नव्या कायद्यासमोर तो आधार पुरत नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या आहेत, त्यामुळे शेवटचा शब्द तिथून येईल.

म्हणजे आपल्याकडच्या माणसाला ब्लॅकजॅक खेळायचाच असेल तर कायदेशीर वाटा मोजक्या. गोवा, सिक्कीम, नाहीतर परदेश. महाराष्ट्रात 1976 साली कॅसिनोंसाठी कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तोही रद्द करायचं ठरवलं. त्यामुळे मुंबई-पुण्याची गाडी सुटते ती थेट पणजीच्या दिशेने. मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर जाणाऱ्या बहुतेकांनी ब्लॅकजॅकचे नियम शिकलेले असतात ते एखाद्या रीलवरून. रीलमध्ये 21 कसे करायचे ते सांगतात. टेबलावरच्या कापडावर काय छापलंय ते वाचा, असं सांगणारं रील निदान मला तरी अजून दिसलेलं नाही.

आधी साधा ब्लॅकजॅक समजून घेऊ

खेळ सोपा आहे. तुमची लढत डीलरशी, शेजारी बसलेल्यांशी नाही. दोघांनाही दोन-दोन पत्ते. तुमचे दोन्ही उघडे, डीलरचा एक उघडा आणि एक झाकलेला. पत्त्यांची बेरीज 21 च्या जितकी जवळ तितकं चांगलं, पण 21 ओलांडले की डाव गेला. गुलाम, राणी, राजा हे सगळे 10 चे. एक्का 1 किंवा 11, तुम्हाला सोयीचा असेल तो. बाकीचे पत्ते आपापल्या ठिपक्यांएवढे.

पत्ता हवा असेल तर मागायचा, त्याला 'हिट' म्हणतात. नको असेल तर थांबायचं, म्हणजे 'स्टँड'. पहिल्या दोन पत्त्यांवर हात चांगला वाटला तर पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा, हा 'डबल'. दोन सारखे पत्ते आले तर त्यांचे दोन वेगळे हात करायचे, तो 'स्प्लिट'. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि 10 चा पत्ता आला तर तो 'ब्लॅकजॅक' आणि त्याला पैजेच्या दीडपट पैसे मिळतात. डीलरला मात्र मनासारखं खेळता येत नाही. बेरीज 16 किंवा कमी असेल तर त्याने पत्ता घ्यायचाच आणि 17 झाले की थांबायचं.

वाचताना असं वाटतं की सगळ्या सवलती तुमच्याकडे आणि डीलर बिचारा नियमांत बांधलेला. मग कॅसिनो चालतो कशावर?

तो चालतो एका साध्या गोष्टीवर: तुम्ही आधी खेळता. तुम्ही 21 च्या वर गेलात की तुमची पैज तिथल्या तिथे उचलली जाते. त्यानंतर डीलरही 21 च्या वर गेला तरी तुमचे पैसे परत येत नाहीत. डीलर साधारण 100 पैकी 28 डावांत 21 ओलांडतो. तुम्ही अगदी डीलरसारखंच खेळायचं ठरवलंत, म्हणजे 16 पर्यंत घ्यायचं आणि 17 वर थांबायचं, तर तुमचंही तेच होईल. 100 पैकी 8 च्या आसपास डावांत दोघंही बुडतील आणि ते सगळे डाव कॅसिनोचे. दीडपट पैशांच्या ब्लॅकजॅकमुळे त्यातलं दोनेक टक्क्यांचं नुकसान भरून येतं. उरलेलं भरून काढायचं ते डबल, स्प्लिट आणि योग्य वेळी थांबण्यातून. हे सगळं अचूक जमलं तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्यावर येतो. म्हणजे 100 रुपये लावले की सरासरी 50 पैसे त्यांचे.

ही 'अचूक' पद्धत शोधली चार अमेरिकन सैनिकांनी. बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट. साधी गणनयंत्रं वापरून त्यांनी हिशेब केला आणि 1956 मध्ये तो संख्याशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात छापला. मग आला एडवर्ड थॉर्प नावाचा गणिती. त्याने एमआयटीचा संगणक वापरून पुढचा प्रश्न सोडवला: काही पत्ते आधीच निघून गेले असतील तर उरलेल्या कॅटमध्ये फायदा कोणाचा? 1962 साली त्याचं 'बीट द डीलर' हे पुस्तक आलं आणि लास व्हेगासचे मालक हादरले. 1964 मध्ये त्यांनी डबल आणि स्प्लिटच्या सवलती कापल्या. गिऱ्हाईक रुसलं, टेबलं ओस पडली आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले.

थॉर्पच्या हिशेबातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच: कॅटमध्ये 10 चे पत्ते जास्त उरले असतील तर फायदा खेळाडूचा, कमी उरले असतील तर कॅसिनोचा. कारण उघड आहे. एक्का-दहाचा हात दोघांनाही सारखाच येतो, पण दीडपट पैसे फक्त तुम्हाला मिळतात. 11 वर डबल केल्यावर तुम्हाला हवी असते दश्शी. आणि 12 ते 16 मध्ये अडकलेल्या डीलरला पत्ता घ्यावाच लागतो, तेव्हा त्याला बुडवणारी असते तीही दश्शीच. मेंढीकोटात काय नि इथे काय, किंमत तिचीच.

आता स्पॅनिश 21 कडे परत येऊ.

दश्श्या गेल्या, त्या बदल्यात काय मिळतं?

सहा कॅटच्या टेबलावर 312 पत्त्यांऐवजी 288 पत्ते. गुलाम, राणी, राजे आहेत, पण 24 दश्श्या नाहीत. साध्या कॅटमध्ये 10 च्या किमतीचे पत्ते 52 पैकी 16, म्हणजे जवळपास 31 टक्के. इथे 48 पैकी 12, म्हणजे 25 टक्के. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण बाकी काहीच बदललं नाही तर एवढ्यानेच कॅसिनोचा वाटा ढोबळमानाने दोन टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या टक्क्याच्या खेळात दोन टक्के म्हणजे फार झाले.

म्हणून भरपाई म्हणून दिलेल्या सवलतींची यादी लांबलचक आहे. तुमचे 21 झाले की तुम्ही जिंकलात, डीलरचेही 21 असले तरी. साध्या ब्लॅकजॅकमध्ये अशा वेळी बरोबरी होते आणि नुसती पैज परत मिळते. तुमचा ब्लॅकजॅक डीलरच्या ब्लॅकजॅकलाही हरवतो. डबल फक्त पहिल्या दोन पत्त्यांवर नाही, तीन-चार पत्ते घेतल्यावरही करता येतो. डबल करून आलेला पत्ता आवडला नाही, पण 21 ओलांडले नसतील, तर मूळ पैज सोडून द्यायची आणि डबलसाठी टाकलेले पैसे उचलून घ्यायचे, अशीही सोय आहे. सुरुवातीचे पत्तेच वाईट आले तर अर्धी पैज देऊन डावातून उठता येतं.

आणि मग बोनस, ज्यासाठी लोक या टेबलावर बसतात. पाच पत्त्यांत 21 झाले तर दीडपट. सहा पत्त्यांत झाले तर दुप्पट. सात किंवा जास्त पत्त्यांत झाले तर तिप्पट. 6-7-8 किंवा तीन सत्त्या येऊन 21 झाले तर दीडपट, ते तिन्ही पत्ते एकाच रंगाचे असतील, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे किल्वर, तर दुप्पट, आणि सगळे इस्पिक असतील तर तिप्पट. तीन सत्त्या एकाच रंगाच्या आणि डीलरचा उघडा पत्ताही सत्ती, असं जुळून आलं तर मोठं बक्षीस असतं, आणि टेबलावरच्या बाकीच्यांनाही थोडा प्रसाद मिळतो. आयुष्यभर खेळणाऱ्यालाही हे क्वचितच दिसतं. पण टेबलावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते हेच.

एक डाव खेळून बघू. तुम्हाला आली दुर्री आणि पंजी, बेरीज 7. डीलरची उघडी नव्वी. पत्ता घेतलात, तिर्री आली, 10 झाले. अजून एक, चव्वी, 14. समोर नव्वी असल्यामुळे थांबून उपयोग नाही. अजून एक घेतला, सत्ती. पाच पत्त्यांत 21. 1,000 रुपये लावले असतील तर 1,500 जिंकलात. साध्या ब्लॅकजॅकमध्ये याच हाताला 1,000 मिळाले असते, आणि डीलरचेही 21 झाले असते तर काहीच नाही.

मात्र 10 झाले होते तेव्हा तुम्ही डबल केला असता तर बोनस गेला असता. डबल केलेल्या हाताला बोनस मिळत नाही. टेबलावरच्या बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं.

नुसता ब्लॅकजॅक येणारा माणूस इथे कुठे फसतो?

तीन ठिकाणी तर नक्की.

पहिलं ठिकाण, 12. साध्या ब्लॅकजॅकमध्ये तुमचे 12 आणि डीलरची चव्वी, पंजी किंवा छक्की उघडी असेल तर थांबायचं, हा पाठ सगळ्यांना असतो. डीलरला बुडू द्यायचं, त्यामागे हा विचार. स्पॅनिश 21 मध्ये 12 वर नेहमी पत्ता घ्यायचा, समोर काहीही असो. साध्या खेळात 12 वर पुढचा पत्ता बुडवेल याची शक्यता 31 टक्क्यांच्या आसपास, इथे ती 25. आणि दश्श्या नसल्यामुळे डीलरही पूर्वीइतका बुडत नाही. सवयीने थांबणारा माणूस दर वेळी थोडे थोडे पैसे सांडत असतो आणि त्याला ते कळतही नाही.

दुसरं, डबल. 11 आले की हात शिवशिवतात. पण त्या 11 ला हवी असलेली दश्शीच कॅटमध्ये नाही. उरले गुलाम, राणी, राजे. इथे डबल करण्याआधी हातात किती पत्ते झालेत तेही बघावं लागतं.

तिसरं, 'इन्शुरन्स'. डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की तो विचारतो, विमा घ्यायचा का? म्हणजे त्याचा झाकलेला पत्ता 10 चा निघेल यावर वेगळी पैज. निघाला तर दुप्पट पैसे. विमा या शब्दामुळे हे शहाणपणाचं वाटतं. हिशेब करून बघा. सहा कॅटच्या साध्या ब्लॅकजॅकमध्ये डीलरचा एक्का सोडून उरलेल्या 311 पत्त्यांत 10 चे पत्ते 96. दर 100 रुपयांच्या विम्यावर सरासरी तोटा सात रुपयांच्या थोडा वर. स्पॅनिश 21 मध्ये 287 पत्त्यांत 10 चे फक्त 72. इथे तोटा जवळपास 25 रुपये. भाव तोच, नाव तेच, आणि नुकसान तिपटीहून जास्त. दश्शी काढल्यामुळे सगळ्यात मोठी चांदी झाली ती याच कोपऱ्यात.

तर, या सगळ्यातून अचूक खेळणाऱ्याला हा खेळ किती महाग पडतो? डीलर कुठल्याही 17 वर थांबत असेल तर कॅसिनोचा वाटा साधारण 0.4 टक्के. एक्का-छक्कीच्या 17 वर डीलरला अजून पत्ता घ्यावा लागत असेल तर तो 0.8 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे दश्शी काढून घेतली तरी सवलती देऊन बहुतेक हिशेब त्यांनी परत केला आहे. अट एकच, खेळ अचूक हवा. आणि त्याचं कोष्टक साध्या ब्लॅकजॅकपेक्षा बरंच किचकट आहे, हातात किती पत्ते झाले त्यावर निर्णय बदलतो. ते पाठ असलेला माणूस टेबलावर विरळाच. कॅसिनोचा नफा या विरळपणातून येतो.

मग शेजारच्या टेबलावरून काय काढलंय?

तिथे पूर्ण 52 पत्ते आहेत. दश्श्या आहेत. बोनस नाहीत, भानगड नाही, ओळखीचा ब्लॅकजॅक. फक्त कापडावरच्या ओळीत '3 ला 2' च्या जागी '6 ला 5' छापलेलं असतं.

गेल्या वीसेक वर्षांत लास व्हेगासमध्ये हा बदल पसरला. सुरुवात झाली एकाच कॅटच्या टेबलांपासून. कॅट जितके कमी तितका खेळाडूचा फायदा, हे पुस्तकं वाचलेल्या लोकांना माहीत होतं. म्हणून 'एकाच कॅटचा ब्लॅकजॅक' अशी पाटी लावली आणि आत भाव बदलला. पुढे कमी पैजेच्या सहा-आठ कॅटच्या टेबलांवरही तो आला. आकडे मोठे दिसतात, 6 आणि 5 हे 3 आणि 2 पेक्षा मोठेच. दोन पेयं पोटात गेलेल्या माणसाला कोणता भाव चांगला हे पटकन सांगता येणार नाही.

1,000 रुपये लावून ब्लॅकजॅक आला तर 3 ला 2 च्या भावाने 1,500 मिळतात. 6 ला 5 ने 1,200. ब्लॅकजॅक साधारण 21 डावांत एकदा येतो. तासाला 60 डाव झाले तर जवळपास तीनदा. म्हणजे तासाला 800 च्या वर रुपये कुठलाही पत्ता न बदलता गेले. 1,000 च्या 60 डावांवर अचूक खेळणाऱ्याचा सरासरी तोटा चांगल्या टेबलावर 300 रुपये होता, तो आता 1,100 च्या घरात. टक्क्यांत सांगायचं तर अर्ध्यावरून जवळपास दोन. गणित करून बघितलं तर कॅटमधून दश्श्या काढून घेण्याच्या दोन-तृतीयांश एवढा हा फटका आहे, आणि त्याच्या बदल्यात एकही सवलत नाही.

1964 मध्ये व्हेगासने नियम बदलले तेव्हा लोकांनी टेबलं सोडली. या वेळी सोडली नाहीत. मला वाटतं, याचं कारण 1964 चा बदल डोळ्यांना दिसणारा होता. डबल करायला गेलं की डीलर म्हणायचा, नाही. इथे कोणी नाही म्हणत नाही. तुम्ही जिंकता, डीलर हसून अभिनंदन करतो आणि 300 रुपये कमी देतो. म्हणूनच मला स्पॅनिश 21 त्या मानाने सरळ वाटतो. दश्शी नाही, हे तो तोंडावर सांगतो.

गोव्यात काय बघायचं?

गोव्याच्या कायद्याची एक मजेशीर बाजू आहे. तिथला जुगारबंदीचा कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट दिली आणि 1996 मध्ये टेबलावरच्या खेळांना, पण पाण्यावरच्या जहाजांत. त्यामुळे माणूस समोर बसून पत्ते वाटतो तो खेळ कायद्याने जहाजावर आणि जमिनीवरच्या हॉटेलात यंत्र. मांडवीत जहाजांची रांग का, याचं उत्तर नदीच्या सौंदर्यात नाही, या दुरुस्तीत आहे.

जहाजावर गेलात तर ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: ब्लॅकजॅकला भाव काय, एक्का-छक्कीच्या 17 वर डीलर थांबतो का, आणि डबल-स्प्लिटला काय मर्यादा आहेत. डीलर उत्तर देतो, लाजायचं कारण नाही. टेबलाच्या कडेला वेगळे गोल असतात, जोडी आली तर इतके, रंग जुळला तर तितके. त्या पैजांकडे दुर्लक्ष केलेलं बरं. तिथला कॅसिनोचा वाटा मुख्य खेळाच्या कित्येक पट असतो.

पण आपल्याकडे या सगळ्या बारीक हिशेबावर एक मोठा हिशेब बसलेला आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा लावलेल्या पैजेवर तो लागत नाही, चिप्स घेताना एकदाच लागतो. म्हणजे अर्धा टक्का की दोन टक्के, यावर आपण इतका वेळ घालवला, आणि दारातच चाळीसचा आकडा उभा आहे. म्हणून काउंटरवरचा पहिला प्रश्न हा: मी दिलेल्या रकमेपैकी खेळायला किती मिळणार आणि प्रवेशाच्या पॅकेजमधल्या चिप्स रोखीत बदलता येतात का? पुढे जिंकलात तर त्या रकमेवर 30 टक्के आयकर, वर अधिभार-उपकर. आणि काल हरलेले पैसे आजच्या जिंकलेल्यातून वजा करता येत नाहीत. शनिवारी 50,000 हरून रविवारी 50,000 जिंकलेला माणूस स्वतःला बरोबरीत समजतो. आयकराच्या लेखी तो जिंकलेला असतो.

आणि मोबाइलवर?

बंदीनंतरही परदेशातून चालणाऱ्या साइट्सच्या जाहिराती टेलिग्रामवर आणि रील्सखाली दिसतात. कॅमेऱ्यासमोर डीलर, खरे पत्ते, वर 'वेलकम बोनस'. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे थोड्याशा कमिशनसाठी आपल्या पेजवर रेफरलची लिंक टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सर भावा-बहिणींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खेळणाऱ्याची अडचण वेगळी. 1872 च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार मुळात रद्दबातल असतो. म्हणजे तुम्ही जिंकलात आणि साइटने पैसे दिले नाहीत तर ते मागायला कोर्टात जायची सोय नाही. बोनसचीही तीच तऱ्हा. 'बोनस काढण्याआधी त्याच्या अमुक पट रक्कम खेळा' अशी अट असते. समजा, 1,000 च्या बोनसवर 40 पटींची अट आहे. 40,000 रुपयांच्या पैजा झाल्या. 6 ला 5 च्या दोन टक्क्यांच्या हिशेबाने त्यातच सरासरी 800 परत गेले, आणि तेही तुम्ही एकही चूक केली नाही तर.

एवढं वाचून खेळ तरी बघायचाच असेल तर घरी दोन कॅट घ्या, आठही दश्श्या बाजूला काढा आणि पैशांच्या जागी शेंगदाणे ठेवा. एकाने डीलर व्हायचं, 17 वर थांबायचं. शंभरेक डाव झाले की शेंगदाणे कुठल्या बाजूला सरकतात ते मोजा. मग दश्श्या परत घालून साधा ब्लॅकजॅक खेळा, एकदा दोन शेंगदाण्यांना तीनच्या भावाने, एकदा पाचाला सहाच्या. पत्ते मात्र नीट मोजून परत ठेवा. दश्श्या वाटीखाली राहून गेल्या तर संध्याकाळी मेंढीकोटाला बोंब होईल.